दोन कॉर्डच्या मधली जागा

गिटार हातात घेऊन महिना-दीड महिना झालेल्या कुणालाही विचारा, पाच-सात कॉर्ड त्याला येत असतात. जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर. एकेक सुटी वाजवायला सांगितली तर बऱ्यापैकी स्वच्छ वाजते. गाणं धरलं की मात्र दर चार मात्रांनी अडतं. उजवा हात थांबतो, नजर तारांवर जाते, एकेक बोट चाचपडत जागेवर बसतं आणि तोवर गाणारा पुढच्या ओळीवर पोचलेला असतो. अनेकांची गिटार याच टप्प्यावर कपाटावर जाऊन पडते, आणि हे टाळता येण्यासारखं आहे. कॉर्ड बदलण्याच्या या एकाच प्रश्नाला लागू पडेल असं गेल्या दोनशे वर्षांत शिक्षकांनी, वादकांनी आणि अलीकडे मेंदूच्या अभ्यासकांनी पुष्कळ काही सांगून ठेवलंय. त्यातलं काय घ्यावं आणि काय बाजूला ठेवावं, ते इथे मांडतो.

आधी हिशेब करू. मिनिटाला ८० मात्रा ही काही फार जलद लय नाही. त्यात एक मात्रा पाऊण सेकंदाची होते. साध्या गाण्यांत कॉर्ड साधारण चार मात्रांनी बदलते, म्हणजे एका कॉर्डवर आपण तीन सेकंद असतो. बदलायला खरा वेळ मिळतो तो शेवटच्या मात्रेच्या उत्तरार्धात, ०.३७५ सेकंद. नवशिक्याला त्याच कामाला दीड-दोन सेकंद लागतात. ही तफावत पाहून बहुतेकांना वाटतं की बोटं पळवायला हवीत. पण मुरलेल्या वादकाचा डावा हात जवळून पाहिला तर तो पळत नसतो, उलट निवांत दिसतो. त्याची बोटं तारेपासून जेमतेम काही मिलिमीटर उचलली जातात, सगळी एकदम निघतात आणि कुठं टेकायचं ते निघण्याआधीच ठरलेलं असतं. कमी अंतर, एकत्र हालचाल आणि आधीच झालेला निर्णय, या तीन गोष्टी साधल्या की वेग मागोमाग येतो.

यातला निर्णयाचा भाग सर्वांत दुर्लक्षित. उदाहरण जी ते सी या रोजच्या बदलाचं घेऊ. (तारा मोजताना सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी.) पुस्तकांत जी बहुधा अशी छापलेली असते: सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मधलं बोट, पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तर्जनी, पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका. इथून सी वर जायचं तर तिन्ही बोटं तीन दिशांना जातात. अनामिकेला तर पहिल्या तारेवरून थेट पाचवीवर उडी घ्यावी लागते. आता तीच जी वेगळ्या बोटांनी धरा. सहावीवर अनामिका, पाचवीवर मधलं बोट, पहिलीवर करंगळी. स्वर तेच, आवाज तोच. पण सी वर जाताना अनामिका आणि मधलं बोट ही जोडी जशीच्या तशी एकेक तार खाली सरकते, करंगळी उठते आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकते. झालं. अवघड वाटणारा बदल निम्म्याहून सोपा होतो, आणि त्यासाठी हातात ताकद वाढवावी लागत नाही.

जी नंतर डी येणार असेल तर आणखी तिसरी धरण्याची रीत सोयीची. मधलं बोट सहावीवर, तर्जनी पाचवीवर, आणि दुसऱ्या व पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी. डी मध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच लागते, त्यामुळे ती हलवायचीच नाही. बाकीची बोटं तिच्याभोवती जागा बदलतात. म्हणजे ‘जी कशी धरायची’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पुढे कोणती कॉर्ड येणार आहे, त्यावर ते अवलंबून आहे. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं, आणि बहुतेक कॉर्ड-चार्टमध्ये नेमकं हेच नसतं.

अभिजात गिटारचे शिक्षक दोन प्रकारची बोटं शोधायला सांगतात: जागचं न हलणारं आणि तार न सोडता सरकणारं. सी वरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही जागेवर राहतात, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. ए मायनर आणि ई मेजरचा तर आकारच एक, सगळी बोटं एक तार जाड बाजूला न्यायची. सरकणाऱ्या बोटाचं उत्तम उदाहरण म्हणजे ए, डी, ई ही तिकडी. ए धरताना तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा, मधलं बोट चौथीवर, अनामिका दुसरीवर. डी मध्ये तर्जनी तिथेच राहते. ई मध्ये ती त्याच तारेवरून एक फ्रेट मागे सरकते. तीन कॉर्डचं अख्खं गाणं वाजवून होतं आणि तर्जनी तिसरी तार एकदाही सोडत नाही. असा एक जरी आधार मिळाला तर हाताला अंधारात उडी मारावी लागत नाही.

इथून पुढची गोष्ट ओघाने येते: सराव कॉर्डचा करायचा नसतो, जोडीचा करायचा असतो. पाच कॉर्ड म्हणजे दहा जोड्या, आणि जी ते सी व सी ते जी या हाताच्या दृष्टीने दोन वेगळ्या हालचाली, म्हणजे वीस. आठ कॉर्ड झाल्या की जोड्या अठ्ठावीस होतात. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, कारण एका गाण्यात त्यातल्या तीन-चारच लागतात आणि अडतं त्यातल्या एखाद्याच ठिकाणी. ते ठिकाण शोधावं आणि तेवढंच घासावं. अख्खं गाणं पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाजवत राहिलं तर जे येतं तेच पक्कं होतं. अडणारी जोडी मात्र प्रत्येक फेरीत एकदाच हाताखालून जाते, तीही चुकत.

जोडीचा हा विचार जुना आहे. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी यांनी १८१२ साली व्हिएन्नात आपली ओपस १ ही अभ्यासमाला छापली. तिच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे १२० व्यायाम आहेत, आणि ते सगळे फक्त सी आणि जी सेव्हन या दोन कॉर्डवर बांधलेले आहेत. उद्देश उजव्या हाताचा, पण विद्यार्थी त्या १२० व्यायामांतून बाहेर पडतो तोवर डाव्या हाताने तोच एक बदल इतक्या वेळा केलेला असतो की त्याचा विचार करावा लागत नाही. दोन कॉर्डवर इतका काळ थांबायची तयारी आज ना शिकणाऱ्याची असते, ना शिकवणाऱ्याची.

आजच्या पद्धतींपैकी सर्वांत पसरलेली म्हणजे एका मिनिटातले बदल मोजणं. टास्मानियात वाढलेले आणि इंग्लंडमधून शिकवणारे जस्टिन सँडरको यांनी ती घरोघर पोचवली. एक जोडी घ्यायची, मिनिटभराचं घड्याळ लावायचं, किती बदल झाले ते लिहून ठेवायचं आणि साठपर्यंत जायचं. पहिल्या काही आठवड्यांसाठी ही पद्धत मला फार चांगली वाटते. रोज आकडा चढताना दिसतो, उमेद टिकते आणि नवशिक्या सहसा ज्याचा कंटाळा करतो ती पुनरावृत्ती आपोआप घडते. पण ती तिथेच थांबवावी. मिनिटात साठ बदल करणारा विद्यार्थी गाण्यात अडखळतो, कारण त्या साठ बदलांना लय नव्हती. एक पटकन झाला, दुसरा रेंगाळला, बेरीज साठ भरली. शिवाय आकड्याच्या मागे लागून अर्धवट दाबलेल्या, बझ होणाऱ्या तारा हाताच्या अंगवळणी पडतात.

त्यानंतरचं काम लयीतच व्हायला हवं, आणि इथे आपल्याकडच्या रियाजाची शिस्त थेट उपयोगी पडते. तबला शिकणारा कायदा आधी ठाय लयीत पक्का करतो, मग दुगुन, मग चौगुन. गिटारवर मी याचा एक सोपा अवतार सुचवतो. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा. चार मात्रांच्या आवर्तनात फक्त समेवर एक ठोका मारा. उरलेल्या तीन मात्रा बोटं हलवायला ठेवा. ते निवांत जमलं की पहिल्या दोन मात्रा वाजवा, दोन बदलायला. मग तीन वाजवा, एक बदलायला. शेवटी चारही. लय कुठेच वाढलेली नाही, बदलाची मुदत मात्र आवळत गेली. समेवर कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, सम चुकता कामा नये. या क्रमाने गेलेल्यांना पुढे गाण्यात बसायला फारसं वेगळं काही करावं लागत नाही.

सगळी बोटं एकदम टेकवावीत की एकामागून एक, यावर शिक्षकांत दोन तट आहेत. पहिल्या तटाचा व्यायाम असा: कॉर्ड धरा, हात उचलून मांडीवर ठेवा, हवेतच बोटांचा आकार करा आणि सगळी बोटं एका क्षणी तारांवर उतरवा. दुसरा तट म्हणतो की वरून खाली ठोका मारताना जाड तारा आधी वाजतात, म्हणून जाड तारेवरचं बोट आधी बसवा, बाकीच्यांना निमिषभर उसंत मिळते. दोघांचंही खरं आहे, पण वेळ वेगळी. शिकताना पहिला व्यायाम करावा, कारण मेंदूने कॉर्ड तीन सुट्या बोटांची यादी म्हणून न साठवता एक आकार म्हणून साठवावी, असं आपल्याला हवं असतं. गाण्यात अडचण आली तर दुसऱ्याचा सल्ला वापरावा. सी च्या बाबतीत तर तो जरूर ऐकावा. जवळजवळ प्रत्येक नवशिका सी तर्जनीपासून बांधायला घेतो, बारीक तारेकडून. वास्तविक सर्वांत लांब जायचं असतं अनामिकेला, आणि तिची पाचवी तारच आधी लागते. अनामिकेपासून सुरुवात केली की सी चा उशीर लगेच कमी होतो.

उशिराचं आणखी एक कारण म्हणजे दाब. हात तारेवर आवळलेला असला तर सुटायलाच वेळ लागतो. बोट तारेवर नुसतं टेकवा, तार वाजवा, ‘थप’ असा मेलेला आवाज येईल. वाजवत वाजवत दाब हळूहळू वाढवा आणि स्वर ज्या क्षणी स्वच्छ होतो तिथे थांबा. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून ठेवलं असेल तर हा दाब आश्चर्य वाटावं इतका कमी निघतो. आपण रोज त्याच्या कितीतरी जास्त जोर लावत असतो.

आता उजवा हात. कॉर्ड बदलणं हे डाव्या हाताचं काम मानलं जातं, पण गाणं तुटतं ते उजवा हात थांबल्यामुळे. ऐकणाऱ्याला एखादा स्वर अर्धवट लागलेला कळतही नाही. लय तुटलेली लहान मुलालाही कळते. म्हणून उजव्या हाताला थांबायची मुभा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून घालावा. मग डाव्या हाताला वेळ कुठून मिळतो? व्यावसायिक वादकांच्या वाजवण्यात तो उघड ऐकू येतो: शेवटच्या मात्रेच्या उत्तरार्धात, खालून वर जाणाऱ्या हलक्या ठोक्याला, त्यांची बोटं आधीच उचललेली असतात आणि मोकळ्या तारा वाजतात. ते खटकत नाही, कारण ई, ए, डी, जी, बी, ई हे मोकळ्या तारांचे सगळे स्वर जी मेजरच्या सप्तकात बसतात. गायकाच्या पट्टीसाठी कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावला तर हे नातंही त्याच्याबरोबर वर सरकतं.

मेंदूच्या अभ्यासकांनी गिटारवर नाही, पण बोटांच्या आणि हातांच्या हालचालींवर बरंच काम केलं आहे. शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. हाताच्या तीन हालचाली एका गटाने एकामागून एक, ठोकळ्यासारख्या शिकल्या. दुसऱ्या गटाने त्या सरमिसळ करून शिकल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिलं होतं. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डाव्या हाताच्या बोटांनी कळा दाबण्याचा एक क्रम शिकवला. रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काही सराव न करताही, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एका गटाने २०१९ मध्ये दाखवलं की सरावाच्या सुरुवातीला सुधारणा बहुतांशी मधल्या दहा-दहा सेकंदांच्या विश्रांतीतच घडते. या निष्कर्षाच्या अर्थाबद्दल पुढे मतभेद झाले, म्हणून त्यावर मी इमारत बांधणार नाही. पहिल्या दोहोंवरून मात्र रोजच्या बैठकीची आखणी करता येते: जोडी नवी असताना ती सलग घासा, ओळख झाली की तीन-चार जोड्या मिसळून घ्या, आणि रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा.

एफ बद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिथे फार जण अडतात. तर्जनी आडवी टाकून धरायची ही बार कॉर्ड पहिल्याच फ्रेटवर येते, आणि गिटारवर त्याहून गैरसोयीची जागा नाही. नटापासून (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पुलापर्यंत ६४८ मिलिमीटर लांबीच्या नेहमीच्या गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो, पाचवा सुमारे २९. शिवाय पहिल्या फ्रेटजवळ नटाने तार उचलून धरलेली असते, त्यामुळे ती दाबायला जोर लागतो. म्हणून बार कॉर्ड पाचव्या फ्रेटवर शिकावी, तिथे तोच आकार ए होतो, आणि आठवड्याला एक फ्रेट या गतीने खाली यावं. दुसरी गोष्ट, तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायची गरज नाही. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतातच; तर्जनीकडे सहावी, दुसरी आणि पहिली एवढंच काम उरतं. हे कळलं की मनगटातला अर्धा ताण उतरतो. दाब अंगठ्याच्या चिमटीतून न आणता दंडाच्या वजनातून आणावा, हाताने बोटांना जागेवर नेऊन पोचवावं, हा उरुग्वेचे गुरू आबेल कार्लेवारो यांच्या शिकवणीचा गाभा होता.

अंगठ्यावरून वाद जुना आहे. गिटारवादक फर्नांदो सोर यांनी १८३० च्या आपल्या पद्धतीत अंगठा मानेच्या मागेच ठेवायला सांगितलं, तर त्याच काळातले अनेक वादक तो वरून आणून सहावी तार दाबत. पुढे मर्ल ट्रॅव्हिसपासून जिमी हेंड्रिक्सपर्यंत कित्येकांनी एफ अशीच धरली. हात मोठा असेल आणि मान अरुंद असेल तर खुशाल धरावी. तोवर एफ मेजर सेव्हन आहेच: सी वरून तर्जनी जागेवर ठेवून मधलं बोट आणि अनामिका एकेक तार बारीक बाजूला नेली की ती लागते. बहुतेक गाण्यांत ती शोभते. फक्त तिच्या भरवशावर एफ वर्षभर पुढे ढकलू नये.

आणि कधी कधी दोष हाताचा नसतोच. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. केसाएवढी हवी. स्पष्ट फट दिसली तर नटाच्या खाचा उंच आहेत, आणि त्या गिटारवर एफ कुणालाही जड जाईल. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं, पहिलीखाली दोन. दुरुस्ती करणाऱ्याकडे हे थोड्या वेळाचं काम आहे. नवशिक्याने ०.०१२ ऐवजी ०.०१० इंचाचा तारांचा सेट लावायला हरकत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारचं पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात. जून-जुलैमध्ये ‘हात गेला’ असं वाटलं तर आधी गिटार तपासावी.

हाताला जमत नसेल तर वाद्यच बदलणारे कलाकारही झाले. कॅनडाच्या जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला आणि डावा हात अशक्त राहिला. त्यांनी तारा वेगळ्या स्वरांत मिळवून आकार सोपे करून घेतले, आणि त्यातूनच त्यांच्या गाण्यांचा निराळा नाद तयार झाला. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ पासून पन्नास वर्षं ताल धरणारे फ्रेडी ग्रीन मात्रेमात्रेला कॉर्ड बदलत, पण त्यांच्या कॉर्डमध्ये दोन-तीनच स्वर असत, कित्येकदा प्रत्यक्ष ऐकू येणारा एकच. स्वर कमी, म्हणून प्रवास कमी. नवशिक्यानेही सहा तारांचा हट्ट धरू नये. तीन तारांवर स्वच्छ बदललेली कॉर्ड गाण्याला पुरते.

सरावाला गाणं निवडताना लय पाहावी. गोव्याचा मांडो हा गीतप्रकार यासाठी फार चांगला. संथ, सहा मात्रांचा, कॉर्डला श्वास घ्यायला जागा देणारा. आणि त्याच्यामागून येणारं दुलपद जलद. मांडो जमला की त्याच बैठकीत दुलपद धरून पाहावं. सुरुवातीच्या सरावात बोटांची टोकं दुखतात, ते काही आठवड्यांत जातं. मनगट किंवा कोपराखालचा हात दुखत असेल तर मात्र गिटार त्याच क्षणी खाली ठेवावी आणि दुखणं थांबेपर्यंत उचलू नये.

गिटार शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या महिन्यात दहा कॉर्डचा चार्ट हातात देऊ नका. चार जोड्या द्या. प्रत्येक जोडीच्या आकृतीवर कोणतं बोट जागेवर राहतं, कोणतं सरकतं आणि कोणतं आधी निघतं, एवढं पेनाने खूण करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि वर्गातली निम्मी मुलं त्यामुळे दुसऱ्या महिन्यातही यायची शक्यता आहे.